छावणीतली जांभळी कपाळं

दूध संघाच्या गुरांच्या दवाखान्यात मी लागलो तेव्हा माझा हुद्दा परिचर होता. परिचर म्हणजे डॉक्टरसाहेब जनावराच्या ज्या टोकाला काम करत असतील त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस. साहेब मागं असले की मी शिंगं धरायची, साहेब पुढं आले की मी मागं जायचं. तीन वर्षांत मला दोन्ही बाजूंनी मिळेल तेवढं मिळालं होतं. उजव्या मांडीवर एका देवणी गाईनं दिलेला खुराचा शिक्का अजून आहे. पावसाळ्यात तो दुखतो, म्हणजे आमच्या भागात क्वचितच दुखतो.

परिचराच्या वरचा हुद्दा व्रणोपचारक. जखम धुवायची, औषध लावायचं, पट्टी बांधायची, आणि हे सगळं करताना जनावर दुसऱ्यानं धरायचं. या शेवटच्या सोयीवर माझा खरा डोळा होता. हा शब्द आमच्या घरात कुणाला नीट म्हणता येत नसे. वडील ‘जखमंवाला’ म्हणायचे. आई पाहुण्यांना सांगायची, ‘डाक्टरच्या खालचा डाक्टर होणार हाय.’ त्या सांगण्यावर दोन ठिकाणी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती, त्यामुळे हुद्दा मिळणं आता निव्वळ माझ्या हौसेचं राहिलं नव्हतं.

संघात व्रणोपचारकाची एक जागा दसऱ्याच्या सुमाराला भरायची होती आणि आम्ही परिचर तिघं होतो. साहेबांच्या शिफारशीवर सगळं होतं. साहेब मोजकं बोलणारा माणूस. मी विषय काढला तर म्हणाले, “शंभर जनावरं स्वतःच्या हातानं बांध. वहीत लिहून ठेव. मग बघू.”

मी त्यातलं ‘स्वतःच्या हातानं’ विसरलो आणि ‘शंभर’ तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

त्या साली पाऊस मृगात एकदा येऊन गेला आणि परत आलाच नाही. उन्हाळ्यात सुरू झालेल्या चारा छावण्या श्रावणातही उठल्या नव्हत्या. आमच्या दूध संस्थेची छावणी चौसाळ्याच्या अलीकडे, शीतकरण केंद्रामागच्या माळावर होती. दावणीच्या लांबच लांब ओळी, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, आणि सातेकशे जनावरं. ती दिवसभर उसाच्या शेंड्यांचं वाळलेलं वाढं चघळत एकमेकांकडे बघायची. संस्थेचे चेअरमन सकाळी जीपमधून यायचे, दावणीवरून हात मागं बांधून फिरायचे आणि प्रत्येक मालकाला विचारायचे, “काय, बरं हाय ना?” संस्थेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे कधी कधी ते गाईलाही विचारायचे.

साहेब आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस औषधांची पेटी, चिमटा, कापूस आणि मी. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अधिकाराचा काळ. खांद्याला पेटी अडकवून मी दावणीतून निघालो की बाया पदर सावरायच्या. आता वाटतं, पेटीला टर्पेन्टाइनचा वास यायचा म्हणून नाक झाकत असतील.

सातशे जनावरांत कालचं दुखणारं आज सापडायचं नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. ही युक्ती माझीच होती, हे आज कबूल करायला हरकत नाही, कारण आता पेन्शन सुरू झाली आहे. ज्या जनावराला औषध केलं त्याच्या कपाळावर जखमेवरच्या जांभळ्या औषधाचा रुपयाएवढा ठिपका द्यायचा. जनावरं गव्हाणीकडे तोंड करून उभी असतात. मी समोरच्या वाटेनं कपाळं बघत जायचं आणि ठिपका दिसला की थांबायचं. साहेबांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत. मी ती शाबासकी समजलो.

पुढं साहेबच चेअरमनना सहज म्हणाले की दुखणाईत जनावराला थोडी सरकी पेंड मिळाली तर लवकर उभं राहील. चेअरमननी दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून जाहीर केलं: कपाळाला जांभळं असलेल्या प्रत्येक जनावराला रोज एक किलो पेंड, संस्थेतर्फे.

दुपारपर्यंत माझ्यापुढे रांग लागली.

जनावरं इतकी नाजूक झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. कुणाच्या गाईला माशी चावलेली, कुणाच्या वासराला वाईट वाटत होतं. एका मालकानं बैलाचा पाय उचलून दाखवला. “हितं बघा,” म्हणाला. मी बघितलं. काहीच नव्हतं. “आतून हाय,” तो म्हणाला. मी ठिपका दिला आणि वहीत लिहिलं, ‘मुका मार’.

मग त्यांनी माझे कष्ट वाचवले. संस्थेत दुधाच्या कॅनवर लिहायला कॉपी पेन्सिली असायच्या, थुंकी लावली की जांभळ्या उमटणाऱ्या. दोन दिवसांत त्या सगळ्या गायब झाल्या आणि दावणीवर ठिपकेच ठिपके दिसू लागले. अडचण फक्त म्हशीवाल्यांची झाली, कारण काळ्यावर जांभळं दिसेना. छावणीत तोंडानं सगळ्यात फटकळ असलेला एक म्हशीवाला माझी वाट अडवून उभा राहिला.

“आमच्या म्हशी काळ्या, ह्यो आमचा गुन्हा हाय का बे?”

“तुमच्या म्हशीला झालंय काय पण?”

“पांढऱ्या गाईला जे झालंय तेच.”

संध्याकाळी त्यानं म्हशीच्या कपाळाला आधी चुना फासला आणि सुकल्यावर वर जांभळा ठिपका काढला. तो इतका सुरेख होता की दुसऱ्या दिवशी ओळीतल्या सगळ्या म्हशी तशाच दिसल्या.

खोटा ठिपका मला ओळखता यायचा. औषधाचा गडद आणि पसरलेला असतो, पेन्सिलीचा फिका, कडा गिरवलेल्या. मी प्रत्येक खोट्या ठिपक्यापुढे थांबायचो, मालक माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे, आणि मग वही काढायचो. ‘किरकोळ खरचटणे.’ ‘सूज, उतरत आहे.’ त्याला पेंड पाहिजे होती, मला शंभर पाहिजे होते. पोळ्याच्या आठवड्यात माझा आकडा दोनशेवर गेला. बाकीच्या दोन परिचरांची मला कीव येऊ लागली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र एक खरं जनावर आलं. बीडकडून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांपैकी एक जोडपं आमच्या छावणीत होतं. दोघं रोज पाझर तलावाच्या रोजगार हमीच्या कामावर जायची आणि दिवेलागणीला बैलांपाशी परत यायची. बाई पन्नाशीची, आवाज दगड फोडणाऱ्याचा. सगळे तिला मावशी म्हणायचे. दसरा झाला की त्यांची टायरगाडी कारखान्याकडे निघायची. गाडीला दोन बैल लागतात आणि त्यांच्याकडे दोनच होते. एकाच्या मागच्या पायात, खुराच्या बेचकीत, तारेचा तुकडा घुसला होता.

मी तार काढली, पोटॅशच्या पाण्यानं धुतलं, मलम भरलं, पट्टी बांधली. खरंच चांगली बांधली, इतकं खरं काम महिन्यात केलं नव्हतं. कपाळाला जांभळं लावलं आणि मग मला माझा आवाज ऐकायची लहर आली.

“मावशी, ही पट्टी सोडायची नाही. हात लावायचा नाही. वास घ्यायचा नाही. मी रोज येतो, मी बदलतो, मी बघतो.”

“दसऱ्याला गाडी निघती. पाय टेकंल का तवर?”

“मी आहे ना,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पोळा. मी घरी पुरणपोळी खाऊन झोपलो, त्यामुळे छावणीत काय झालं ते मला नंतर कळलं. टँकरचं पाणी जोडीला एक बादली मिळालं. मालकांनी बैल धुतले, पण कपाळावर हात आडवा धरून, कारण ठिपका गेला की पेंड गेली. शिंगं रंगवली, झुली घातल्या, बाशिंगं बांधली ती ठिपका दिसेल अशी वर सरकवून. सगळ्या छावणीत एकट्या मावशीनं राख आणि चिंधी घेऊन बैलाचं कपाळ पांढरं होईपर्यंत घासलं. कुणीतरी तिला म्हणालं, “येडी का काय, पेंड बुडंल की.” तर ती म्हणाली, “आज ह्याच्या कपाळाला कुकू लावायचं हाय. त्याच्यावर दवाखाना कावून ठेवू?”

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी, ती दोघं कामावर गेल्यावर, पेटी अडकवून समोरच्या वाटेनं कपाळं बघत गेलो. जांभळं दिसलं की थांबलो, लिहिलं. कुंकवाचं कपाळ दिसलं की पुढं गेलो. पाय तिकडे मागं, पाचटाच्या चिखलात. तो बैल मला आठवला नाही का, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. मी तेव्हा बैल बघतच नव्हतो, इतकंच खरं उत्तर आहे.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी जिल्ह्याहून पशुसंवर्धनाचे मोठे अधिकारी आले. माझ्या वहीतला आकडा संस्थेच्या कागदातून वर गेला होता. एका छावणीत दोनशे चौदा जनावरं उपचाराखाली, म्हणजे साथच असणार, असं त्यांना वाटलं. चेअरमनना मात्र वाटलं की आपल्या दवाखान्याचं कौतुक करायला आलेत. त्यांनी हार आणला होता. तो अधिकाऱ्यांनी गळ्यात न घालता हातात घेतला आणि शेजारच्या गाईनं खायला सुरुवात केली.

“रोग कोणता आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “वेगवेगळे आहेत, साहेब.”

आमचे साहेब म्हशीच्या ओळीत शिरले. अंगठा ओला केला आणि पहिल्या म्हशीच्या कपाळावरून फिरवला. आधी जांभळं निघालं, मग चुना निघाला, मग म्हैस निघाली. धडधाकट म्हैस. साहेबांनी अंगठा माझ्या सदऱ्याला पुसला. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्यासाठी वापरलेलं सगळ्यात कडक वाक्य तेच.

“यात खरं आजारी कोण आहे?” अधिकारी म्हणाले.

दोनशे चौदा जनावरांचे मालक छपराकडे बघत होते.

त्या दिवशी बाजारचा दिवस असल्यामुळे रोजगार हमीला सुट्टी होती. ओळीच्या टोकाकडून मावशीचा आवाज आला. “आमचा हाय जी. पर त्याचं चाललंय, औषध रोज व्हतंय. वास मातर लई येतोय दोन दिस झाले.”

साहेब झपाझप तिकडे गेले. बैल तीन पायांवर उभा होता. चौथ्या पायाच्या पट्टीचा रंग चिखलाचा झाला होता आणि ती एका जागी आपोआप हलत होती. साहेबांनी खाली बसून ती कापली. आत अळ्या होत्या. मी त्याआधी पुष्कळ अळ्या पाहिल्या होत्या, पण माझ्या स्वतःच्या गाठीखाली कधी पाहिल्या नव्हत्या.

“ही पट्टी कधीची आहे?” साहेबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, “रोज बदलतेत की. तसं सांगितलंय त्यांनी. आमी दोघं कामावर असतो, तवर ते येऊन जात्यात. आमी हात बी लावला न्हाई.”

बाईला खरोखर तसं वाटत होतं. साहेब अजून माझ्याकडे बघत होते, अधिकारी बघत होते, चेअरमन बघत होते. ‘कालची’ एवढा एकच शब्द पुरेसा होता. अळ्या अशा उकाड्यात एका दिवसातही पडतात, मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. माझी वही साहेबांच्या काखेत होती आणि तिच्यात या बैलापुढे रोजची नोंद नव्हती, पण कोण बघतंय.

मावशी माझी बाजू घेत नसती तर मी बहुतेक ‘कालची’ म्हणालो असतो.

“पोळ्याच्या आदल्या दिवशीची,” मी म्हणालो.

मावशीला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खाली बसली. शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिनं नुसतं विचारलं, “मग सकाळी काय बघायला येत व्हता तुमी?”

साहेबांनी दोर मागवला, बैल पाडला, चार माणसांना धरायला लावलं आणि चिमटा माझ्या हातात दिला. मला हवं होतं तसंच झालं. जनावर दुसऱ्यांनी धरलं होतं आणि जखम मी धूत होतो. टर्पेन्टाइनचा बोळा भरायचा, अळ्या वर आल्या की एकेक काढायची, पुन्हा बोळा. अधिकारी थोडा वेळ उभे राहिले आणि चेअरमनकडे जेवायला गेले. दुपार कलली तेव्हा मी उठलो. गुडघे सरळ होईनात.

“पाय राहील का जी?” मावशीनं साहेबांना विचारलं.

“हाडापर्यंत गेलेलं नाही. रोज निगा झाली तर राहील,” साहेब म्हणाले. “ती कोण करणार, ते याला विचारा.”

“ह्यांना इचारून काय करू,” मावशी म्हणाली. “मी बैलालाच इचारीन.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं वेळ ठरवून दिली. कामावर जायच्या आधी, उजाडताना. मी सायकल मारत पोचायचो तेव्हा ती बैलाजवळ दगडावर बसलेली असायची.

“सोड. माझ्या म्होरं सोड.”

मी सोडायचो. ती वाकून बघायची, मग नाक जवळ नेऊन वास घ्यायची. मी मना केलेलं सगळं ती माझ्यासमोर करायची. औषध कुठलं, किती, कशाला, विचारायची. एकदा मी जरा घाईनं गाठ मारली तर म्हणाली, “ही बी पोळ्यापातूर ठेवायची का?” नवरा शेजारी तंबाखू मळत म्हणायचा, “आगं, सोड की आता त्यांना.” ती म्हणायची, “पट्टी सोडली की सोडते.”

चेअरमननी पेंडेची योजना त्याच दिवशी बंद केली होती, त्यामुळे खऱ्या दुखणाईताचीही पेंड गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हशीवाला घमेलं घेऊन आला आणि बैलापुढे ओतलं. म्हणाला, “उरलीय घरात. म्हशीला तसंबी कुटं काय झालं व्हतं.” माझ्याकडे बघून पुढं म्हणाला, “ह्यांच्या वहीत बगा, सूज व्हती.”

ती वही साहेबांनी मला परत दिली होती, वर रेघा मारायची एक पट्टी ठेवून. खोट्या नोंदी माझ्या हातानं खोडायच्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तीन दिवस रेघा मारल्या. ‘मुका मार’ खोडला, ‘सूज, उतरत आहे’ खोडलं. दोनशे चौदातल्या सतरा उरल्या. दसऱ्याच्या आत जागा भरली गेली. ती ज्या परिचराला मिळाली त्याच्या वहीत शंभरावर तीन होत्या, आणि त्यानं ठिपके वगैरे काही केले नव्हते. तो पायाकडून बघत जायचा. माझ्या लग्नाच्या दोन बोलण्यांपैकी एक त्याच्याकडे वळली.

बैलानं दसऱ्याच्या दहा दिवस आधी पाय टेकला. आधी नुसतं टोक, मग अर्धा, मग एका सकाळी मी पोचलो तर चारी पायांवर उभा राहून त्यानं माझ्यावर शिंग उगारलं. मावशी म्हणाली, “वळखलं तुमाला.”

गाडी निघाली त्या सकाळी तिनं मला बोलावून घेतलं. गाडीवर भांडी, चूल, गोणपाटं, वर कोंबड्यांचा खुराडा. “चला,” म्हणाली, “हायवेपातूर चाला संगं. चालताना कसा टाकतोय ते बघा.” मी मागच्या पायाशेजारून चालत निघालो, नजर खुरावर. लोक वाटेत हसत होते. माळ संपला, डांबरी आली, चौसाळ्याची दुकानं आली. बैल नीट चालत होता. माझ्या नव्या चपलेनं मात्र टाच सोलली होती आणि हायवेच्या फाट्यापर्यंत मी लंगडायला लागलो होतो.

मावशीनं गाडी थांबवली, उतरली, बैलाचा पाय उचलून बेचकीत बोट घालून पाहिलं. मग माझ्या पायाकडे पाहिलं.

“ह्याचं बरं हाय,” म्हणाली. “तुमी आता मागं फिरा. तुमाला बांधायला माझ्याकडं काय न्हाई.”

साहेबांनी शिफारस लिहिली ती त्यानंतर, मी न मागता. त्यात ओळ एकच होती: एका बैलाच्या पायाची जखम यानं सलग स्वतःच्या हातानं बरी केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर जागा निघाली तेव्हा त्या ओळीवर मला घेतलं. आकडा कुणी विचारला नाही.

पण त्याच्या आधी, उन्हाळा लागताना, तोडीच्या गाड्या परत आल्या. एक गाडी दवाखान्यासमोर थांबली. बैल मी पायावरून ओळखला. मावशी उतरली. तिच्या डाव्या हाताला चिंध्या गुंडाळल्या होत्या. कोयता लागला होता. मी म्हणालो, माणसांचा दवाखाना पुढं आहे.

“तितं लई रांग हाय,” ती म्हणाली. “लावा तुमचं जांभळं. हाताला लावा, कपाळाला न्हाई.”

मी धुतलं. जखम वरवरची, स्वच्छ होती, तिनंच ठेवली होती. औषध लावून पट्टी बांधली, गाठ मारली आणि सवयीनं तोंड उघडलं.

“हात लावू नको म्हनू नका,” मावशी म्हणाली. “मी रोज सोडून बघनार हाय.”